घर आहे की पडदा?

सणासुदीला भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. वाचकांच्या हाती दिवाळी अंक आहे, शेजारी चकलीची बशी आहे, पोरे फुलबाज्यांसाठी काळोख पडण्याची वाट पाहत आहेत; अशा वेळी कपाळाला आठ्या घालून बसलेल्या माणसाचे कोण ऐकणार? परंतु ज्या गोष्टीबद्दल मला भांडायचे आहे, ती दिवाळीच्याच तोंडावर घरोघर घडते. घराला रंग काढतात, भिंतीवरच्या तसबिरी उतरवतात, आणि त्यांतल्या काही पुन्हा भिंतीवर चढत नाहीत. म्हणून भांडणाला मुहूर्त हाच बरा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आजचा मराठी माणूस फोटो पाहून घर सजवतो. त्यात वाईट काही नाही. वाईट हे आहे, की फोटो पाहावा कसा हे त्याला कोणी शिकवलेले नाही. फोटो हे पाहायला शिकण्याचे साधन आहे. आपण त्याचा सोऱ्या केला आहे. पीठ कुठलेही भरा, बाहेर पडायची ती एकाच चकतीची चकली!

माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी पुण्यात नवी जागा घेतली. जागा चांगली, पोरगा कष्टाळू, सूनही गुणाची. सजावटकार आला आणि त्याने विचारले, "घर कसं हवं?" पुतण्याने खिशातून मोबाईल काढून एक फोटो पुढे केला. पांढऱ्या भिंती, पांढरे सोफे, पांढरा गालिचा, आणि जमिनीपासून छतापर्यंत काचेची खिडकी. खिडकीबाहेर बर्फ आणि बर्फात उभी सूचिपर्णी झाडे. "असंच हवं," पुतण्या म्हणाला. "होऊन जाईल," सजावटकार म्हणाला. एवढ्या दोन वाक्यांत घराचा निकाल लागला. तुमची खिडकी कुठल्या दिशेला उघडते, हे एकाने विचारले नाही आणि दुसऱ्याने सांगितले नाही.

बर्फाच्या मुलखातला माणूस काचेची भिंत बांधतो, कारण तो उन्हाचा भुकेला असतो. हिवाळ्यातले चार तासांचे ऊन घरात यावे, यासाठी त्याचा हा सारा खटाटोप. माझ्या पुतण्याची गॅलरी पश्चिमेला! तिथे काच लागली आणि एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता बैठकीच्या खोलीची भट्टी झाली. मग जाड पडदे आले, मग थंड हवेचे यंत्र आले. म्हणजे आधी पैसे मोजून ऊन विकत घेतले आणि मग पैसे मोजून ते हाकलून दिले. गालिच्याचे तर मी बोलतच नाही. ज्या घरात रोज हळदीची फोडणी पडते आणि दोन लहान मुले आमटी-भात खातात, तिथे पांढऱ्या गालिच्याचे आयुष्य किती, हे कोणत्याही आजीने न विचारता सांगितले असते.

एवढ्यावर मी हसून गप्प बसलो असतो. पण त्या घरात माझा थोरला भाऊही राहतो. दादा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. वहिनींना जाऊन सहा वर्षे झाली. जुन्या घरी बैठकीत वहिनींची एक तसबीर होती. नव्या घरात ती दिसेना, म्हणून मी विचारले. "काका, त्या भिंतीच्या रंगाला ती फ्रेम जात नव्हती," पुतण्या म्हणाला. त्या जागी एक भलेमोठे विकतचे चित्र आहे: कुठल्याशा परदेशी शहरातला पूल, पाऊस, आणि पाठमोरा चाललेला एक छत्रीवाला. मी विचारले, "हे कोण?" तो म्हणाला, "कोणी नाही काका. छान दिसतं."

आईच्या जागी कोणी नाही! हे वाक्य त्याने दुष्टपणाने म्हटले नाही. तसे म्हटले असते तर मला बरे वाटले असते. दुष्टपणाशी भांडता येते. दादाला विचारले, तर तो म्हणाला, "राहू दे रे, पोरांची हौस आहे." पण संध्याकाळी त्याने रुमालासाठी कपाट उघडले. सदऱ्यांच्या चळतीमागे ती तसबीर उभी करून ठेवलेली होती, आणि रुमाल काढायला जेवढा वेळ लागतो त्याहून बराच अधिक वेळ दादा कपाटापुढे उभा होता.

आमच्या आजोबा-आजींचाही एक फोटो आहे. स्टुडिओत काढलेला. त्या काळी गावोगावच्या स्टुडिओंत मागे एक रंगवलेला पडदा असे. त्यावर कठडे, खांब, वळणदार जिना, जिन्याच्या टोकाला विलायती बाग. पुढे एक नक्षीची तिवई आणि तिच्यावर फुलदाणी. आजोबा पागोटे आणि उपरणे घालून त्या राजवाड्यापुढे उभे आहेत. शेजारी नऊवारीतली आजी खुर्चीच्या अगदी कडेला बसली आहे, जणू खुर्चीचा मालक येऊन उठवील. आपण त्या पडद्यांना हसतो. पण हसण्यापूर्वी एवढे लक्षात घ्या, की फोटो निघाला आणि ती दोघे उठून आपल्या घरी गेली. पडदा स्टुडिओतच राहिला. तो पडदा आहे, हे त्यांना ठाऊक होते. आपण मात्र पडद्यातच राहायला गेलो आहोत आणि भाड्याऐवजी हप्ते भरतो आहोत.

कोणी म्हणेल, पडदा खोटा होता, फोटो तर खरा असतो. हाच तो भ्रम. घराच्या जाहिरातीतला फोटो कसा काढतात, हे जरा समजून घ्या. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग लावले, तर वस्तूंचे एकमेकींशी प्रमाण साधारण आपल्या डोळ्यांना दिसते तसे येते. खोल्यांचे फोटो काढणारे १६ ते २४ मिलिमीटरचे रुंद भिंग लावतात. त्याने जवळची वस्तू मोठी दिसते, मागची भिंत लांब पळते, आणि दहा फुटांच्या खोलीचा दरबार होतो. वर आणखी दिवे लावतात, वायरी दडवतात, चपला, औषधाच्या बाटल्या, दिनदर्शिका आणि पाण्याचा पिंप उचलून ठेवतात. शेवटी माणसांनाही उचलून ठेवतात. ते फोटो एकदा नीट पाहा: त्या घरांत कोणीही राहत नाही! आणि आता तर त्याच्याही पलीकडे मजल गेली आहे. संगणकावर रचलेली खोली फोटो म्हणून दाखवतात. ती खोली पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नसते. जे घर कुठेच नाही, ते घर पुण्यात बांधून मागणाऱ्याला काय म्हणावे?

आता मी स्वतःच्या अपराधाकडे येतो, कारण दुसऱ्याच्या पुतण्याला नावे ठेवणे सोपे असते. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, आणि हा पुतण्या माझाच विद्यार्थी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरे बसवायची, निकाल चांगला लावायचा, म्हणून निसर्गचित्राचा एक ठरलेला नमुना मी फळ्यावर काढून देत असे. दोन डोंगर, मध्ये सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठाला कौलारू घर, शेजारी नारळाचे झाड, आकाशात चारच्या आकड्याचे पक्षी. पोरे ते गिरवत आणि पास होत. शाळेच्या खिडकीतून खरा डोंगर दिसत होता, आणि त्याच्यामागे सूर्य उगवत नव्हता, मावळत होता! "सर, आपला डोंगर तर वरून सपाट आहे," असे एकदा एका पोराने मला म्हटलेही होते. मी त्याला सांगितले, "परीक्षेत सपाट डोंगराला मार्क नाहीत." तो पोरगा हाच पुतण्या होता. खिडकीबाहेर न पाहता समोरचा नमुना गिरवायला मीच त्याला शिकवले. त्याने माझा धडा उत्तम पाठ केला, एवढेच.

मग फोटोपासून काही घेऊच नये काय? घ्यावे, भरपूर घ्यावे. कसे घ्यावे, याची उदाहरणे हवी असतील तर ती थोरामोठ्यांची आहेत.

शेकडो वर्षे चित्रकार धावता घोडा काढत, तो पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणलेला. झेरिकोने १८२१ साली रंगवलेल्या घोड्यांच्या शर्यतीत सगळे घोडे असेच हवेत तरंगतात. १८७८ साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात धावपट्टीच्या कडेने ओळीने कॅमेरे मांडले आणि धावत्या घोड्याचे क्षणाक्षणाचे फोटो घेतले. घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे निघाले. पण ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना! देगा या फ्रेंच चित्रकाराने हे फोटो अभ्यासले, त्यांवरून रेखाटने केली. पुढे १८९५ च्या सुमारास त्याने स्वतःच कॅमेरा हाती घेतला. त्याच्या चित्रांत एखादी नर्तकी कडेला अर्धी कापली जाते, घोडा चौकटीबाहेर निघून जातो. त्यात जपानी ठशांचा वाटा होता, तसा फोटोचाही होता. पण देगाने कोणाच्या फोटोतली खोली उचलून आपल्या चित्रात ठेवली नाही. त्याने उचलली ती नजर. त्या नजरेने तो आपल्याच शहरातल्या नर्तकी आणि धोबिणी पाहू लागला.

इतक्या दूर कशाला जायचे? आज संध्याकाळी पाटावर लक्ष्मीचे जे छापील चित्र ठेवाल, त्याची नाळ बहुधा राजा रविवर्म्याशी जोडलेली असेल. त्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याने देव घरोघरच्या भिंतींवर आणले. रविवर्म्याने तैलरंगांची रीत पश्चिमेकडून घेतली, फोटोंचाही आधार घेतला. पण लक्ष्मी रंगवताना तिला त्याने साडी नेसवली, हातांत कमळे दिली. रीत परकी, पण चित्रात उभी राहिली ती आपल्या घरात शोभेल अशी बाई. गालावर उजेड कसा उतरतो, रेशमाची चुणी कशी मोडते, हे दाखवायला ती रीत त्याच्या कामी आली.

आणि दादासाहेब फाळके! हा माणूस मुळात चित्रकला शिकलेला, गोध्र्याला फोटोचा धंदा केलेला. चित्रपट काढायचे मनात आले, तेव्हा त्याने १९१२ साली पहिले कोणते दृश्य टिपले? परदेशातून पाहून आलेला एखादा राजवाडा नव्हे. एका कुंडीत त्याने वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि दिवसामागून दिवस एकेक चित्र घेत राहिला. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून वेल झाला. यंत्र परदेशातले होते; वाटाणा कुंडीतला होता. दुसऱ्या वर्षी, १९१३ साली, 'राजा हरिश्चंद्र' आला. मी म्हणतो, फोटोपासून स्फूर्ती घेणे म्हणजे हे. कॅमेरा कुठूनही येवो, तो आपल्या कुंडीपुढे ठेवला पाहिजे.

आता ज्या तसबिरीवरून मी एवढा पेटलो, तिच्याकडे येऊ. ती मीच काढलेली आहे, आमच्या वाईच्या घरी, आग्फा क्लिक थ्री नावाच्या साध्या कॅमेऱ्याने. एका रिळात बारा फोटो यायचे, त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी माणूस बारा वेळा पाहत असे. वहिनी माजघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. मी म्हटले, "वहिनी, जरा चौकाकडे सरका आणि हलू नका." त्या म्हणाल्या, "भावजी, लवकर आटपा, अजून अर्धं सूप निवडायचंय." त्या हलल्याच. हात किंचित पुसट आला आहे.

त्या फोटोत काय आहे, ते सांगतो. चौकातला उजेड एकाच बाजूने येतो. सुपातले तांदूळ सगळ्यांत पांढरे, मग वहिनींचा अर्धा चेहरा, मग उंबरा, आणि मागे माजघराचा दाट काळोख. भिंतीत एक कोनाडा, त्यात समई. खुंटीला एक छत्री. बाकी भिंत रिकामी. कोनाडा बसल्या माणसाचा हात पोचेल इतकाच उंच आहे, कारण त्या घरात माणसे जमिनीवर बसत.

या एका फोटोत घरसजावटीचे जेवढे शहाणपण आहे, तेवढे पुतण्याच्या मोबाईलमधल्या चाळीस फोटोंत नाही. उजेड एका बाजूने आला की खोलीला खोली येते. छतात बारा दिवे बसवले की सावली मरते आणि सावलीबरोबर खोलीही सपाट होते. सगळे पांढरे केले की पांढरे दिसेनासे होते. तांदूळ पांढरे दिसतात, कारण मागे काळोख आहे. वस्तू दोनच आहेत, पण दोन्ही रोजच्या कामाच्या. आणि प्रत्येक गोष्टीची उंची माणसाच्या बसण्याउठण्यावरून ठरलेली आहे.

इथे कोणी मला टोकेल: "म्हणजे पुन्हा वाड्यात जायचे काय? ती ओल, तो काळोख, तो चुलीचा धूर विसरलात?" विसरलो नाही. वहिनींचे डोळे त्या धुराने आयुष्यभर चुरचुरले. माझ्या फोटोत धूर आलेला नाही. म्हणजे माझा फोटोही खोटे बोलतोच. म्हणून तर मी वाड्याची नक्कल करा असेही म्हणत नाही. ज्यांनी कधी पाणी शेंदले नाही, ते दिवाणखान्यात रहाट टांगतात. ज्यांना बैल ओळखता येत नाही, ते गाडीचे चाक भिंतीवर चढवतात. तोही पडदाच, फक्त देशी. नक्कल बर्फाच्या देशाची असो की पेशवाईची, ती करणारा माणूस घराकडे पाहत नाही, फोटोकडे पाहतो.

तेव्हा घर नवे करायचे असेल, तर कॅमेऱ्याला कामाला लावा. तो आता प्रत्येकाच्या खिशात आहे. पहिले काम: घरातला एकच कोपरा सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच वाजता टिपा, आणि तिन्ही फोटो शेजारी ठेवा. बसायची जागा कुठे आणि पडदा कुठे, हे ऊनच तुम्हाला सांगेल. दुसरे काम: खोलीचा फोटो घ्या आणि त्यातला रंग काढून टाका, तो काळा-पांढरा करा. सगळे एकाच राखाडी छटेचे दिसले, तर रंग कितीही महाग आणा, खोली फिकीच राहणार. कुठेतरी गडद हवे, कुठेतरी उजळ. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे: आवराआवर न करता घराचा फोटो काढा. चपला कुठे साठतात, वर्तमानपत्र कुठे पडते, चष्मा आणि औषधे कुठे ठेवली जातात, पोरे अभ्यासाला कुठे पसरतात, ते पाहा. ही तुमच्या घराची खरी कुंडली. सुताराला हा फोटो दाखवा. कोनाडा कुठे हवा आहे, ते त्याला तुम्ही सांगावे लागणार नाही.

आणि जुन्या तसबिरी? त्यांचीही काळजी घ्यायला हवी, हे मान्य. ऊन थेट पडते त्या भिंतीवर फोटो लावू नये, रंगीत तर मुळीच नाही, तो विटतो. काच फोटोला चिकटू देऊ नये, मध्ये जाड कागदाची चौकट घालावी, नाहीतर पावसाळ्याच्या ओलीत फोटो काचेला धरतो. उत्तम मार्ग म्हणजे मूळ फोटो कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा आणि भिंतीवर त्याची प्रत लावावी. फोटोच्या प्रकृतीला कपाट चांगले असते, हे मला ठाऊक आहे. माझ्या भावाच्या प्रकृतीला ते चांगले नाही.

त्या फोटोची निगेटिव्ह माझ्यापाशी होती. तिच्यावरून मी नवी प्रत करून घेतली आहे. चौकट साधी, काळी, त्या भिंतीच्या रंगाला जाईल अशी. एवढी तडजोड मीही केली. येत्या पाडव्याला मी ती घेऊन दादाकडे जाणार आहे. या अंकाबरोबर खिळाही नेणार आहे आणि हातोडीही. भिंत कोणती, ते पुतण्याने ठरवावे. तो माझा जुना विद्यार्थी आहे, आणि या खेपेला सपाट डोंगरालाही मी मार्क देणार आहे. त्या छत्रीवाल्या गृहस्थाचे काय करायचे, ते मला विचारू नये. तो आधीच पाठ करून चालला आहे. त्याला जायचे असेल तिकडे त्याने खुशाल जावे.